करकोचीण झोपली आहे

३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी नऊ.

नवी वही काढली, कारण आजपासून नवं पर्व. परदेशी पिक्चर चालू असताना माइकवर आपल्या भाषेत सांगणारा व्हीजे लुटाया, म्हणजे मी, परत येतोय.

स्कोव्हियाचा फोन आला. एरवी पोरगी नाताळ आणि ईस्टर सोडून बापाला फोन करत नाही. म्हणाली, ताता, कंपालाच्या बाजारात जुन्या सीडींच्या ढिगात तुमचा करकोच्याचा पिक्चर सापडला, तुमच्या आवाजातला. तीनदा ऐकला. मी विचारलं, आवाज कसा वाटला? बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ओळखीचा. भारावली असणार. इतक्या वर्षांनी ऐकून माणसाची वाचा बसते, म्हणजे कामात काहीतरी असलं पाहिजे.

तिची इच्छा अशी, की तोच पिक्चर मी पुन्हा एकदा व्हिडिओ हॉलमध्ये बसून, माइक हातात घेऊन, सगळ्यांसमोर सांगावा. पेशन्ससाठी. पेशन्स म्हणजे तिची मुलगी, सहा वर्षांची. इकडे मसाकात अजून आलेलीच नाही. २४ तारीख ठरली.

जाता जाता आणखी एक विषय काढला. जानेवारीत जेरेमायाची, म्हणजे पेशन्सच्या बापाची, माणसं आमच्या दारात लग्नाच्या रीतसर ओळखीला येणार. (मुलगी शाळेत जायला लागल्यावर रीतसर. पण मी काही बोललो नाही.) जावयाने सासूला गोमेसी, आमच्या बायकांचा सणाचा झगा, शिवून आणायची असते, तर जेरेमाया विचारतोय, आईचं माप काय. आणि आईला जानेवारीत सुट्टी मिळेल का. आणि आईचा नंबर द्या.

म्हटलं, ते समोरासमोर बोलू. २४ ला.

४ नोव्हेंबर.

स्वतःच्या वहीत तरी स्पष्ट लिहायला हरकत नाही. रोझेट नाही. स्कोव्हिया सात वर्षांची असताना माझी बायको अरबांच्या देशात घरकामाला गेली आणि चौदा महिन्यांनी तापाने तिकडेच वारली. एजन्सीचा माणूस मोटरसायकलवरून येऊन सांगून गेला. तिचं माहेर देशातल्या जुन्या लढाईतच संपलेलं, तेव्हा आणखी कुणाला कळवायचा प्रश्न नव्हता. स्कोव्हियाला कळवायचं होतं. ते राहून गेलं.

आधी ती लहान होती. मग तिच्या परीक्षा आल्या. मग मोठी झाली, आणि मोठ्या मुलीला सांगायचं म्हणजे आधी इतका उशीर का झाला ते सांगावं लागतं. पुढे तिने विचारायचं सोडलं. आई आपल्याला विसरली असं धरून चालली. मी मध्ये पडलो नाही. आई-मुलीच्या भांडणात बापाने पडू नये.

संकल्प पहिला: २४ ला सांगायचंच. दुसरा: वारगी दारूचा घोट बंद, आल्याचं गरम पाणी चालू. तिसरा: रोज अर्धा तास इंग्रजी.

५ नोव्हेंबर.

आल्याचं पाणी प्यायलो. घशात आग.

आणि एक झकास कल्पना सुचली. पिक्चरच सांगेल. म्हणजे असं. त्या पिक्चरमध्ये करकोच्यांचा थवा थंडीच्या देशातून उन्हाच्या देशाकडे, आपल्याकडेच, निघतो. आईचा पंख मोडलेला. ती पिल्लाला इतरांबरोबर पाठवते आणि मागे राहते. बावन्नाव्या मिनिटाला बर्फात मरते. पिल्लू इकडे तळ्याकाठी उभं राहून वाट बघत बसतं.

हे सगळं मी कधी सांगितलंच नव्हतं. पहिल्यांदा दाखवला तेव्हा बर्फ म्हणजे काय ते आमच्यात कुणी पाहिलेलं नव्हतं, मीसुद्धा. म्हटलं, पोशोच्या, म्हणजे मक्याच्या पिठाची गिरणी फुटली. सगळीकडे पीठच पीठ. करकोचीण गिरणीत राबून दमली आणि झोपली, पार्ट टूमध्ये उठेल. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पार्ट टू कुणी काढलाच नाही, त्यात माझा काय दोष?

तर २४ ला, बावन्नाव्या मिनिटाला, व्हीजे लुटाया आयुष्यात पहिल्यांदा सरळ भाषांतर करेल. ती मेली, एवढंच. स्कोव्हिया हुशार आहे, तिला कळेल. नंतर मी खांद्यावर हात ठेवेन. काम सुबक होईल.

७ नोव्हेंबर.

सरावाला बसलो. पन्नासाव्या मिनिटाला शेगडीवरच्या शेंगा-घेवड्याचा वास आला. उठलो. घेवडा ठीक होता. पण एकदा उठल्यावर लय गेली.

८ नोव्हेंबर.

पुन्हा बसलो. एकावन्नाव्या मिनिटाला वीज गेली. वीज कंपनीचा अडाणीपणा.

वीज दहा मिनिटांत आली हे खरं. पण तोवर माझा मूड गेला होता.

१० नोव्हेंबर, रविवार.

हाजी लुबेगाकडे गेलो. हॉल त्याचा. बावीस वर्षं मी त्याच हॉलच्या मागच्या खोपटात बसून, समोर टीव्ही, हातात माइक, बाहेर भोंगा, अशी जगातली सगळी भांडणं आणि प्रेमं आमच्या भाषेत सांगितली. रस्त्याने जाणारी माणसं भोंगा ऐकून आत वळायची. आता सकाळी तिथे पास्टरची प्रार्थना असते आणि संध्याकाळी फुटबॉल.

हाजी म्हणाला, तीन ते पाच घे, पाचला मॅच आहे, एक मिनिट जास्त लावलंस तर पोरं तुला माइकसकट बाहेर काढतील. मग दात कोरत म्हणाला, अरे, हल्ली लोक मोबाइलवर बघतात, खाली अक्षरं येतात, तुझ्या थापा कोण ऐकणार? मी म्हटलं, अक्षरांना आवाज असतो का? त्यावर नुसता हसला.

निघताना विचारलं, पोरीला सांगणार आहेस ना? गोमेसीची गोष्ट याच्यापर्यंत कशी पोचली कळत नाही. आमच्या न्येंडो वस्तीत काहीही लपत नाही. फक्त माझी एक गोष्ट लपली, कारण ती मी आणि हाजी दोघांनाच ठाऊक.

म्हटलं, सगळी योजना तयार आहे. तो म्हणाला, तुझ्या योजना मी बावीस वर्षं ऐकतोय.

१३ नोव्हेंबर.

टोळांचा हंगाम जोरात. अख्खी गल्ली टोळ तळतेय. आल्याच्या पाण्याबरोबर टोळ जात नाहीत, म्हणून थोडी वारगी घेतली. औषधासारखी.

इंग्रजी: आज सुट्टी. खरं तर व्हीजेला इंग्रजी यावंच लागतं असं नाही. ज्याला येतं तो कुणीही भाषांतर करेल. न येता करून दाखवणं, यात कसब आहे. चेहरे बघायचे, संगीत ऐकायचं, बाकी आपोआप येतं. बावीस वर्षांत कुणाला संशय आला नाही. हाजीलासुद्धा वाटतं मी फाडफाड वाचतो. त्याच्या दुकानाची सरकारी पत्रं मला द्यायचा. मी घरी नेऊन दोन दिवसांनी परत द्यायचो, काळजी करू नको म्हणायचो.

१५ नोव्हेंबर. दुपार.

एक गोष्ट लिहून टाकावी म्हणजे मन मोकळं होईल.

रोझेटने तिकडून एकदाही फोन केला नाही. स्कोव्हिया रोज विचारायची. मग ती बातमी आली. त्यानंतरच्या नाताळला पोरगी हाजीच्या दुकानातल्या फोनसमोर सकाळपासून बसून राहिली. नवा फ्रॉक घालून. भात थंड झाला तरी उठेना. मला ते बघवलं नाही. हॉलच्या खोपटात हाजीचा दुसरा फोन होता. तिथून दुकानात लावला. शंभर पावलांवरून परदेश.

बिस्किटाचा कागद तोंडाजवळ चुरगाळला की लाइन खरखरते. बाईचा आवाज तर माझ्या हातचा मळ. म्हटलं, अगं बाळा, मी आई बोलतेय. पोरगी म्हणाली, आई, तू कधी येणार? मी म्हटलं, येते गं, पुढचा नाताळ झाला की येते, अभ्यास कर, ताताचं ऐक, लाइन खराब आहे, ठेवते हं.

ती धावत आली मला सांगायला. मी खोपटातून घाम पुसत बाहेर येत होतो. तिने माझ्या कमरेला मिठी मारली आणि आई काय म्हणाली ते सगळं मला शब्दन् शब्द सांगितलं. मी आश्चर्य दाखवलं.

असे चार नाताळ केले. पाचव्या वर्षी ती फोनपाशी आलीच नाही, म्हणाली, तिला यायचंच नाहीये, खोटं बोलते ती. बारा वर्षांची होती. मी फोन खूप वेळ वाजू दिला.

आवाज वेगळा काढायला हवा होता का? तेव्हा माझ्याकडे आईचा एकच आवाज होता. करकोचिणीला तोच, राणीला तोच, पोलिसाच्या आईला तोच. प्रेक्षकांनी कधी तक्रार केली नाही.

मन मोकळं वगैरे काही झालं नाही. टोळ जास्त खाल्ले असावेत.

१७ नोव्हेंबर, रविवार.

स्कोव्हियाचा फोन. शिंपी थांबलाय म्हणे, माप सांगा. मी म्हटलं, मध्यम. तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, माझ्या आठवणीत आई बारीक होती. म्हटलं, आता जरा अंगाने भरलीय. म्हणाली, म्हणजे तुमचं बोलणं होतं? म्हटलं, हो, परवाच झालं. काय म्हणाली? म्हटलं, आशीर्वाद म्हणाली.

मग हळूच म्हणाली, बरं, ताता.

हे नीट झालं नाही. पण आता २४ ला सगळं एकदमच निस्तरायचं आहे, तर त्यात हे एक जास्त. हरकत नाही.

२० नोव्हेंबर.

आरशासमोर सराव. वाक्य छोटं आहे: ती मेली. शिकाऱ्याच्या आवाजात म्हटलं, धमकी वाटली. म्हाताऱ्या बेडकाच्या आवाजात म्हटलं, हसू आलं. करकोचिणीच्या आवाजात म्हणून चालणार नाही, ती स्वतःच कशी सांगेल?

मग माझ्या आवाजात म्हणू गेलो, तर तो येईना. बावीस वर्षांत पिक्चरमध्ये माझा आवाज कुठे लागलाच नव्हता. खूप वेळ आरशात नुसतं तोंड उघडं ठेवून उभा होतो. रोझेट, तुझ्यासाठी मी एकदाही नीट रडलो नाही गं. रडलो असतो तर पोरीने विचारलं असतं, काय झालं.

२३ नोव्हेंबर, शनिवार.

सर्व तयारी चोख. शर्ट इस्त्री. माइक तपासला. पिक्चर अजून एकावन्न मिनिटांपुढे बघितला नाही, पण अतिसरावाने काम शिळं होतं. आवाज खणखणीत. उद्या ती मेली म्हणणार, साडेपाचपर्यंत पोरीची समजूत घालणार, सहाला सगळ्यांनी मिळून चहा. जेरेमायाला सांगायचं, गोमेसी रद्द.

इतका निश्चिंत मी कित्येक वर्षांत नव्हतो.

२४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी सहा.

लिहितो.

हॉल भरला होता. अर्धे लोक मॅचसाठी लवकर आलेले, हे हाजी म्हणाला. काहीही असो, भरला होता. स्कोव्हिया तिसऱ्या बाकावर, पेशन्स मांडीवर. मी खोपटाच्या खिडकीतून पेशन्सला हात केला. तिने केला नाही, मला ओळखत नाही.

सुरुवात अशी जमली की काय सांगू. करकोच्यांना मी पूर्वीसारखंच म्हटलं, हे आपल्या उकिरड्यावरचे कालोली करकोचेच आहेत, फक्त साबणाने घासलेले. हॉल हसून लोळला. म्हातारा बेडूक जमला. पेशन्स बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मॅचवाली पोरंसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. मला वाटलं, मी उगाच घाबरलो. हे मला येतं. एवढंच मला येतं.

बावन्न मिनिटं झाली. पांढरं पडायला लागलं. मी माइक तोंडाजवळ नेला.

काहीच आलं नाही.

पिक्चरमधला वारा ऐकू येत होता. तो वारा मी कधी ऐकलाच नव्हता, दरवेळी त्याच्यावर बोलत असायचो. करकोचिणीने मान खाली टाकली. पोरं ओरडायला लागली, व्हीजे, बोला की. हाजी दारातून म्हणाला, माइक गेला काय रे? मी म्हणणारच होतो. ती, एवढं म्हटलंही होतं मनात.

तेवढ्यात स्कोव्हिया उठून उभी राहिली. खिडकीकडे बघून मोठ्याने म्हणाली, आई, तू कधी येणार?

आणि माझ्या तोंडून उत्तर गेलं. मी विचार केला नाही, शपथ. बावीस वर्षांची सवय, कुणी हाक मारली की ज्याची हाक त्याच्या आवाजात ओ द्यायची. माइकमधून, भोंग्यातून, अख्ख्या रस्त्यावर: येते गं बाळा, पुढचा नाताळ झाला की येते, लाइन खराब आहे, ठेवते हं.

हॉल फुटला हसून. कुणीतरी ओरडलं, कालोलीला फोन कुणी दिला रे? शिट्ट्या, टाळ्या. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत एवढा हशा आला नसेल. पेशन्ससुद्धा हसत होती.

स्कोव्हिया तशीच उभी होती. रडली नाही. मान हलवली फक्त, हिशोब जुळल्यावर हलवतात तशी, आणि खाली बसली.

पिक्चर मी संपवला. काय बोललो ते आठवत नाही. पाचला मॅच लागली. ती खोपटाशी आली आणि आमच्या मुली बापापुढे टेकतात तशी गुडघ्यांवर टेकली. म्हणाली, कधी गेली?

मी म्हटलं, कोण?

२५ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी अकरा.

दोघी रात्री माझ्या खाटेवर झोपल्या, मी बाहेर चटईवर. सकाळी स्कोव्हियाने कच्च्या केळ्यांचा कातोगो केला, मला वाढला, आणि पेशन्सला अंगणात खेळायला पाठवून समोर बसली. म्हणाली, तुमच्याकडे काहीतरी असेल. कागद, काहीही.

होता. एजन्सीचा माणूस तेव्हा एक पत्र देऊन गेला होता. इंग्रजीत, हाताने लिहिलेलं, दोन पानं. मी पेटीच्या तळाशी ठेवलं होतं. तिने विचारलं, काय लिहिलंय यात? मी पत्र उलटंसुलटं करत राहिलो. मग तिला कळलं. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, ताता, तुम्ही हे वाचलंच नाही?

कुणाला वाचायला देणार होतो मी? व्हीजे लुटाया दुसऱ्याकडून पत्र वाचून घेतो, हे न्येंडोत कळलं असतं तर? हेच सांगितलं तिला. सांगताना मलाही ते कमी वाटलं.

तिने वाचलं. एकेक ओळ आपल्या भाषेत. रोझेटबरोबर काम करणाऱ्या बाईने लिहिलं होतं. ताप सोळा दिवस होता. दवाखान्यात शेवटचे चार. मालकीण फोनला हात लावू देत नव्हती, रोझेट त्यासाठी रोज भांडायची. पुरलं तिथेच, गावाचं नाव आहे, कबरीचा क्रमांक आहे. शेवटी रोझेटने स्वतः सांगून लिहवून घेतलेलं एकच वाक्य होतं. स्कोव्हियाला लवकर सांगा, तिला माझी वाट बघायला लावू नका.

स्कोव्हियाने चांगलं भाषांतर केलं. पदरचं काही घातलं नाही. आवाजही बदलला नाही. मी म्हटलं, ते शेवटचं पुन्हा वाच. तिने वाचलं. तेच होतं.

मग ती भिंतीकडे तोंड करून रडली. आठ वर्षांची असताना रडायला हवं होतं तसं, घशातून. मी खांद्यावर हात ठेवणार होतो. ठेवता आला नाही.

तोंड धुऊन आली आणि एकेक सांगितलं. जेरेमायाला ती आजच सांगेल. जानेवारीत आधी आईचे शेवटचे विधी, सगळ्या कुळाला बोलावून, मग ओळख. पत्र ती घेऊन जाणार. मी सगळ्याला मान डोलावली, आणि म्हटलं, विधीला मी चार शब्द बोलेन, रोझेटबद्दल, चांगलं बोलेन.

ती पेशन्सचे बूट बांधत होती. वर न बघता म्हणाली, ताता, त्या दिवशी तुम्ही काही बोलू नका. नुसते येऊन बसा.

म्हटलं, बरं.

दहाच्या गाडीने दोघी गेल्या.